होलिस्टिक क्लिनिक निवडताना: आधी औषधाचं नाव लिहून मागा

नमस्कार. पावणेदोन वर्षांचा मुलगा, दर पंधरवड्याला सर्दी, मग खोकला, मग छातीत घरघर, दर वेळी नवं अँटिबायोटिक. याला कंटाळून तुम्ही बालरोगतज्ज्ञ, वैद्य, होमिओपॅथ आणि आहारतज्ज्ञ एकाच छताखाली असलेल्या ‘होलिस्टिक’ सेंटरचं वर्षाचं पॅकेज घ्यायच्या विचारात आहात. ‘आधी इम्युनिटी बांधू, लसींचं नंतर बघू’ असंही तिथे सांगितलंय. तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, कारण आमच्या मुलीच्या लहानपणी आम्ही नेमके इथेच उभे होतो. ती आता दहावीत आहे आणि छान आहे. मी डॉक्टर नाही. पुढचं सगळं एका आईचा अनुभव आणि त्यानंतर केलेलं वाचन आहे. मुलाला तपासलेल्या डॉक्टरांचा शब्द माझ्या शब्दापेक्षा वरचा धरा.

फी, अंतर, गर्दी, रविवारी कोण भेटतं, हे तुम्ही बघालच. मला ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त किंमत मोजावी लागली, तेवढीच नीट सांगते.

आम्ही जात होतो ते सेंटर पुण्यातलंच होतं, नाव लिहीत नाही. माणसं गोड बोलायची, वेळ द्यायची, मुलीशी खेळायची. औषधं मात्र तिथेच मिळायची: पांढऱ्या पुड्या आणि बिनलेबलच्या बाटलीतलं पातळ औषध. पुडीवर सकाळचा नाहीतर रात्रीचा आकडा, बाकी काही नाही. काय आहे विचारलं की ‘काळजी करू नका, सगळं माइल्ड आहे’ असं उत्तर. गुण तर झटपट यायचा. पुडी सुरू केली की दोन दिवसांत घरघर गायब, बंद केली की आठवड्यात परत.

मग पावसाळ्यात एका रात्री तिला जोराची धाप लागली. सेंटर बंद, फोन उचलला नाही, म्हणून जवळच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नेब्युलायझर लावता लावता पहिला प्रश्न विचारला: सध्या काय चालू आहे, स्टेरॉइड दिलंय का, किती दिवस? माझ्या हातात आकडे लिहिलेल्या पुड्या होत्या. तोंडातून स्टेरॉइड बरेच दिवस दिलं गेलं असेल तर ते एकदम थांबवता येत नाही, शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल (शरीरातलं नैसर्गिक स्टेरॉइड) बनणं मंदावलेलं असतं. स्टेरॉइड दिलंय की नाही हेच माहीत नसल्यामुळे त्यांना प्रत्येक पाऊल जपून टाकावं लागलं. रक्ताच्या जास्तीच्या तपासण्या झाल्या, मुक्काम वाढला.

दुसऱ्या दिवशी मुलीचे बाबा सेंटरवर गेले. रिसेप्शनवर सांगितलं, फाइल आमची असते, पेशंटला देत नाही. डॉक्टर आल्यावर या. डॉक्टर आल्यावर म्हणाले, लेखी अर्ज द्या. अर्ज दिल्यावर म्हणाले, कमिटी बघेल. बऱ्याच खेट्यांनंतर लेटरहेडवर एक ओळ हातात पडली: वारंवार सर्दीसाठी उपचार केले. औषधाचं नाव नाही, डोस नाही. त्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड होतं का नव्हतं, मला आजही माहीत नाही, म्हणून मी तसा आरोपही करत नाही. आपल्या पोटच्या मुलीच्या पोटात काय गेलं हे कळायचा हक्क आम्हाला नाकारला गेला, याचा राग मात्र अजून ताजा आहे.

तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असा एक नियम इथे लिहून ठेवते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारसंहितेनुसार ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी दाखल केलेल्या पेशंटच्या नोंदी ३ वर्षं जपायच्या असतात आणि पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर कागदपत्रं ७२ तासांत द्यायची असतात. नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि प्रिस्क्रिप्शनवर दिसला पाहिजे, हेही त्यातच आहे. औषधं जेनेरिक (ब्रँडच्या नव्हे, मूळ औषधाच्या) नावाने आणि वाचता येतील अशी लिहावीत, अशी दुरुस्ती २०१६ मध्ये झाली. बाह्यरुग्ण विभागाच्या केस पेपरवरून क्लिनिकं वाद घालतात, म्हणून तक्रारीची वेळ येण्याआधीच, पहिल्या भेटीत, प्रिस्क्रिप्शन मागा. प्रत्येक कागदाचा फोटो काढून ठेवा.

नाव लिहून मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं घरची मोठी माणसं म्हणतील. त्यांना २०२५ चं मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याचं प्रकरण सांगा. खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, मुलांच्या किडन्या गेल्या, वीसहून जास्त लेकरं दगावली. त्यातली काही उपचारासाठी नागपूरला आणली होती. त्या बाटलीवर निदान नाव आणि बॅच नंबर तरी होता, त्यावरून ते औषध शोधून बंद करता आलं. बिनानावाच्या पुडीचं काय शोधणार? त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं की २ वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, आणि ५ वर्षांखाली सहसा टाळावीत. तुमचा मुलगा २ वर्षांच्या आतच आहे. नव्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत खोकल्याचं सिरप लिहिलं, तर का, हे जरूर विचारा.

आता होलिस्टिकबद्दल माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या. चार पॅथींच्या चार खोल्या एका मजल्यावर असल्या म्हणजे मुलाकडे समग्रपणे पाहिलं जातं, असं मला वाटत नाही. आमच्या सेंटरमध्ये वैद्यांना बालरोगतज्ज्ञांनी काय दिलंय ते माहीत नसायचं. नंतर आम्हाला भेटलेल्या बालरोगतज्ज्ञ बाईंची एकच साधी खोली होती. त्यांनी औषध लिहायच्या आधी विचारलं: घरात भिंतीला ओल आहे का, उदबत्ती-धूप किती वेळ, मच्छर कॉइल लावता का, आजोबा विडी ओढतात का, बाळाला ओवा-वावडिंगाची धुरी देता का, आई झोपते किती. धुरी आमच्या सासूबाई रोज द्यायच्या. बाईंनी त्यांना न रागावता, धुराने श्वासनळ्या कशा आवळतात ते कागदावर काढून दाखवलं. सासूबाईंनी दुसऱ्या दिवसापासून शेगडी बंद केली. त्यानंतर स्पेसरला (औषध नीट ओढता यावं म्हणून मध्ये लावायची नळी) लावायचा पंप, म्हणजे इनहेलर, सुरू झाला. तो नीट कसा द्यायचा हे त्यांनी आमच्याकडून दर भेटीला करून घेतलं. वजन-उंची दर वेळी तक्त्यावर टिपली. मला हवा होता तो फॅमिली डॉक्टर असा होता. तुमच्या मुलाला पंप लागेल असं मी म्हणत नाही, या वयात नुसत्या विषाणूंनीही छाती वाजते. पण पंपाचं नाव काढलं की ‘सवय लागते’ म्हणून घाबरवणाऱ्यांपासून लांब राहा. पंपातल्या स्टेरॉइडचा डोस तोंडातून घेतलेल्यापेक्षा फार कमी असतो.

पाटीवरच्या पदव्यांबद्दल थोडं. ‘एम.डी. बालरोग’ हे ॲलोपॅथीचंही असतं आणि आयुर्वेदातल्या कौमारभृत्याचंही. दोन्ही खऱ्या पदव्या आहेत, मी वैद्यांना कमी लेखत नाही, अपचन-बद्धकोष्ठाला आम्ही आजही वैद्यांकडेच जातो. पण नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची आहे, आयुर्वेदाच्या परिषदेची आहे की होमिओपॅथीच्या, हे समोर बसून विचारा. रात्री धाप लागली तर मूल कोणाच्या हातात असेल, हे त्यावरून ठरतं. खरा चांगला वैद्य ‘हे माझ्या हातातलं नाही, लगेच हॉस्पिटलला न्या’ असं स्वतःहून म्हणतो. आणि ज्यांच्या घरी लहान बाळ आहे त्यांच्यासाठी: सुवर्णप्राशनाच्या (आयुर्वेदात मुलांना देतात त्या सोन्याच्या) थेंबांत बहुधा मध असतो. १ वर्षाच्या आत मध नको, बोट्युलिझमचा (जंतूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा) धोका असतो. हे न विचारता थेंब पाजणारं सेंटर असेल तर तिथून उठून या.

पॅकेजचे पैसे आगाऊ भरू नका. पैसे अडकले की आवडलं नाही तरी माणूस जात राहतो.

वाट बघत असाल तोवर उपयोगी पडेल असं: मूल शांत किंवा झोपलेलं असताना पूर्ण १ मिनिट श्वास मोजा. १ ते ५ वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा जास्त असेल, तर तो जलद धरतात (२ महिने ते १ वर्ष या वयात ५०). बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, दूध-पाणी घेत नसेल, ओठ निळसर दिसले, तर कोणाचं उत्तर येण्याची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. छाती वाजत असताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, अंग उघडं ठेवून. दवाखान्यात पोचेपर्यंत बऱ्याचदा घरघर थांबलेली असते. पॅरासिटामॉलची बाटली बदलली तर लेबल वाचा: ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा २५०. ड्रॉप्स चमच्याने मोजून दिले गेले, तर डोस कितीतरी पट होतो.

राहिल्या लसी. यात माझं मत अजिबात मवाळ नाही. सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर १६ ते २४ महिन्यांत असतो, म्हणजे तुमच्या मुलाची वेळ चालू आहे. साध्या सर्दीसाठी लस थांबवायची गरज नसते. इम्युनिटी आधी बांधून मग लस द्यायची, असं काही नसतं. त्या त्या रोगाविरुद्धची इम्युनिटी लसच बांधते. महापालिकेच्या दवाखान्यात या लसी मोफत मिळतात, माता-बाल संरक्षण कार्डावर आणि यू-विन या सरकारी लसीकरण पोर्टलवर नोंद होते. ती नोंद जपा. आमच्या सेंटरने कार्डावर काही भरलंच नव्हतं, आणि नोंद नसलेला डोस दिलाच नाही असं धरतात, त्यामुळे मुलीला काही सुया परत टोचाव्या लागल्या.

हा डोस या आठवड्यात उरकून घ्या, क्लिनिक निवडायला मग हवा तेवढा वेळ घ्या. कोणत्या भागात राहता ते कळवलंत, तर आम्हाला चांगला अनुभव आलेल्या दोन-तीन डॉक्टरांची नावं निरोपातून पाठवते. इथे उघड लिहीत नाही, कारण एकाला मानवलेला डॉक्टर दुसऱ्याला मानवेलच असं नाही. आणि त्या सेंटरकडून आतापर्यंत काही पुड्या आणल्या असतील, तर एक न वापरलेली पुडी ठेवा आणि नव्या डॉक्टरांना दाखवा. मनाने एकदम बंद करू नका, आधी त्यांना विचारा.