करंट लावला की बोटं धरतील का?

प्रश्न : आमचे मालक गेल्या वर्षी यंत्रमागाच्या शेडचे पत्रे बदलताना वरून पडले. मानेचं ऑपरेशन झालं. कार्डावर ‘सी-6, अपूर्ण इजा’ असं लिहिलंय. कोपर वाकतं, मनगट वर होतं, पण बोटांत काही धरता येत नाही. सासूबाई रोज तेल लावून बोटं ताणून सरळ करतात. मोबाईलवर करंटनं हात चालू झाल्याचे व्हिडिओ येतात. मशीन मागवू का? की वर्ष उलटलं म्हणजे उशीर झाला?
– एक भगिनी, विडी घरकुल, सोलापूर

उत्तर : ताई, मशीनचं नंतर बघू. आधी मालकांचा पंजा टेबलाच्या कडेवरून खाली सोडा आणि त्यांना मनगट वर उचलायला सांगा. बोटं आपोआप आत वळतील, अंगठा तर्जनीच्या कडेला येऊन टेकेल. सी-6 च्या, म्हणजे मानेतल्या मज्जारज्जूच्या सहाव्या पातळीला इजा झालेल्या माणसाची हीच पकड. टॉवेलची कड, भाकरीचा तुकडा त्यात धरता येतो. बोटं मिटवणाऱ्या स्नायूंच्या शिरा (दोऱ्या) थोड्या आखूड राहिल्या तरच ती घट्ट बसते, आणि मनगट वर असताना बोटं ताणली की सैल पडते. सासूबाईंची माया मोलाची आहे, त्यांना तेल लावू द्या. फक्त बोटं सरळ करताना मनगट खाली वाकवलेलं असू द्या. हे आजपासूनच.

आता करंट. एका प्रकारात कोपर ते मनगट या भागावर पॅड लावून थेट बोटं मिटवणाऱ्या स्नायूची नस चेतवतात आणि बोटं मिटतात. यासाठी मज्जारज्जूपासून स्नायूपर्यंतची नस जिवंत लागते. इजेच्या जागीच ती नस मेली असेल, तर या करंटनं स्नायू हलत नाही. ही तपासणी चांगला फिजिओथेरपिस्ट एका बैठकीत करतो. ती झाल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. दुखणं कमी करायला विकतात ते टेन्स मशीन तर या कामाचं नाहीच.

दुसरा प्रकार नवा आहे आणि मला त्याची फार आशा वाटते. यात पॅड हातावर नाही, मानेवर मागच्या बाजूला लावतात. करंट मज्जारज्जूला जागं ठेवतो, म्हणजे इजेतून वाचलेल्या थोड्याफार तंतूंतून (कार्डावरच्या ‘अपूर्ण’चा अर्थ हाच, काही तंतू वाचलेत) मेंदूचा क्षीण हुकूम खाली पोचायला मदत होते. अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या 60 जणांवर याची चाचणी झाली, 2024 मध्ये निष्कर्ष छापून आले. आधी दोन महिने नुसता व्यायाम, मग दोन महिने व्यायामासोबत करंट. 72 टक्के लोकांच्या हाताची ताकद आणि कामं, दोन्ही सुधारली. त्यात इजेला 34 वर्षं झालेलाही माणूस होता. तेव्हा ताई, वर्ष उलटलं म्हणून दार बंद झालं असं मुळीच समजू नका. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्या यंत्राला परवानगी दिली.

पण व्हिडिओत एक गोष्ट दिसत नाही. करंट चालू असताना तो माणूस स्वतः बोटं मिटायचा जीव तोडून प्रयत्न करत असतो, पुन्हा पुन्हा. पॅड लावून मोबाईल बघत पडून राहिलं तर हाताला काही शिकायला मिळत नाही. मालकांना आत्तापासून रोज टॉवेलची कड धरणं, सोडणं, घडी घालणं हा सराव लावा. पुढे कुठलाही करंट मिळाला तरी तो याच सरावावर चढणार आहे.

घरी स्वतःहून पॅड लावू नका. जिथं संवेदना कमी, तिथं कातडी भाजली तरी कळत नाही. मानेच्या इजेत अचानक डोकं ठणकणं, चेहऱ्यावर घाम, रक्तदाब चढणं असंही होतं. तसं कधीही झालं, करंट असो वा नसो, त्यांना लगेच उठवून बसवा, कपडे सैल करा, लघवीची नळी दुमडली आहे का बघा आणि उतार पडला नाही तर तडक दवाखाना गाठा.

मुंबईला हाजी अलीजवळ पुनर्वसनाची केंद्र सरकारची संस्था आहे. जाताना डिस्चार्ज कार्ड आणि एमआरआयच्या फिल्म, दोन्ही बरोबर न्या.