प्लास्टिकच्या बादलीचा बॉयलर: आधी एवढंच बघा

इंग्लंडात घरी बिअर करायला लागलात, छान! स्टीलच्या भांड्याचे भाव बघून बादलीचा बॉयलर (बिअरचं माल्टचं पाणी उकळायचं भांडं) करायचं ठरवलंत, तेही योग्यच. 23 लिटरच्या बॅचला 30 ते 33 लिटरची बादली घ्या, कारण उकळी फुटताना फेस दुधासारखा वर येतो.

बादलीच्या बुडावर त्रिकोणात 5 आणि पीपी (पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकचा प्रकार) असं लिहिलेलं हवं. फूड ग्रेड एवढ्यावर भागत नाही. काही बादल्या उकळत्या पाण्यात मऊ पडून फुगतात.

खरी काळजी विजेची. किटलीचं 2.4 किलोवॉटचं एकच एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) 27 लिटर गार पाणी उकळायला तासाहून जास्त घेतं, म्हणून बहुतेक जण बादलीत दोन बसवतात. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका, वायर तापते. आरसीडी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, आणि वायरिंग जमत नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. यात काटकसर नको.

नवशिके हमखास चुकतात ते इथे:
- एलिमेंट आणि नळासाठीचं भोक घाईने पाडतात. होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) हळू चालवा, कडा घासून घ्या, नाहीतर वॉशर नीट बसत नाही.
- एलिमेंट पूर्ण बुडायच्या आत स्विच चालू करतात.
- झाकण घट्ट लावतात. वाफ जाऊ द्या.
- नळाला आतून जाळी लावत नाहीत, मग हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) अडकून बसतात.

पहिली उकळी नुसत्या पाण्याची. तासभर समोर उभं राहून गळती बघा. भरलेली गरम बादली मात्र अजिबात उचलायची नाही. थर्मोस्टॅट, कंट्रोलर वगैरे नंतर बोलू.