डॅशबोर्डला चकाकी नको, संरक्षण हवं
नवी गाडी घेतलीस, अभिनंदन! पण कोणी चकचकीत पॉलिशची बाटली हातात दिली तर ती बाजूला ठेव. सिलिकॉन तेलाच्या पॉलिशने डॅशबोर्ड तेलकट होतो, त्यावर धूळ बसते आणि उन्हात त्याची झळाळी थेट समोरच्या काचेत उमटते. घाटातल्या वळणांवर मला याचा फार त्रास झाला होता.

आधी मऊ ब्रशने एसीच्या जाळीतली धूळ काढ. रोजच्या धुळीला ओलं, घट्ट पिळलेलं मायक्रोफायबरचं (अतिबारीक धाग्यांचं) कापड पुरतं. डाग असेल तरच ऑल-पर्पज क्लीनर, साधारण १ भागाला १० भाग पाणी, तेही कापडावर मारून. बटणांवर थेट फवारलंस तर ओल आत जाते.

मग पाण्यावर आधारित, मॅट फिनिशचं (न चकाकणारं), उन्हातल्या यूव्ही किरणांपासून संरक्षण देणारं ड्रेसिंग, म्हणजे प्लास्टिकवर लावायचं संरक्षक द्रावण, घे. अगदी थोडं लाव, उरलेलं कोरड्या कापडाने पुसून घे. स्टिअरिंग आणि पेडलना अजिबात नको, हातपाय घसरतात. टचस्क्रीनवर अमोनियावालं ग्लास क्लीनर नको. आणि हो, चकचकीत काळं प्लास्टिक कोरडं घासू नकोस. बारीक ओरखडे पडतात. नवी बाटली आणलीस की आधी सीटखालच्या कोपऱ्यात लावून बघ.