तंजावरच्या मोठ्या देवळात एकाच दिवशी दोनदा जा

चि.स अनेक आशीर्वाद.

तुझी यादी पाहिली. चार दिवसांत मदुराई, रामेश्वरम, तंजावर, कुंभकोणम आणि चिदंबरम. एवढ्यात देवळं कमी आणि बसच्या खिडक्या जास्त बघून होतील. मदुराई-रामेश्वरम पुढच्या खेपेला ठेव. चारही दिवस कावेरीच्या पट्ट्यातच काढ आणि त्यातला एक पूर्ण दिवस एकट्या तंजावरला दे.

मुक्काम जुन्या बसस्टँडजवळ कर. नवा स्टँड गावाबाहेर चार-पाच किलोमीटरवर आहे. बाहेरगावच्या बऱ्याच बस तिथेच सोडतात, मग रिक्षात पैसे जातात. तिथलं मुख्य देऊळ बृहदीश्वराचं, पण रिक्षावाल्याला ‘बृहदीश्वर’ म्हणत बसू नकोस, ‘पेरिय कोविल’ म्हण, म्हणजे मोठं देऊळ.

सकाळी सहालाच आत शीर. गाभारा दुपारी साडेबाराच्या सुमारास बंद होतो तो चारपर्यंत. नवखे लोक नेमके अकराला पोचतात आणि इथेच फसतात. तोवर अंगणातला दगड असा तापतो की अनवाणी पायांनी प्रदक्षिणा म्हणजे नुसती पळापळ, बघणं राहूनच जातं. जाड सुती मोजे पिशवीत असू देत. चपलांच्या स्टँडसाठी सुटे पैसे वेगळे काढून ठेव.

पहिलं प्रवेशद्वार मराठा काळातलं, त्यापुढची दोन गोपुरं हे देऊळ बांधणाऱ्या राजराज चोळ राजाची. दुसऱ्या गोपुराशी थांब. तिथल्या अवाढव्य द्वारपालाच्या पायाशी एक साप हत्ती गिळतोय. हत्तीएवढा घास घेणारा तो साप द्वारपालापुढे गांडुळासारखा दिसतो. द्वारपाल केवढा, हे शिल्पकाराने आकडा न सांगता दाखवलंय. त्यानंतरच आत जाऊन मान वर कर. साठ मीटरहून उंच विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, सगळं ग्रॅनाइटचं, १०१० साली पुरं झालेलं. गाइड सांगेल की शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. सावली पडते, संध्याकाळी स्वतःच बघून घे. वरचा दगड ऐंशी टनांचा एकसंध आहे, हेही ऐकशील. तोही तुकडे जोडून केलेला आहे. आणि समोरचा नंदी राजराजाचा नाही, तो नंतरच्या नायक राजांच्या काळातला.

दर्शनाची रीत आपल्यापेक्षा वेगळी. पंढरपूरला पायांवर डोकं टेकवायची सवय असलेल्या माणसाला इथे चुकल्यासारखं होतं, कारण गाभाऱ्यात पुजाऱ्याशिवाय कुणी जात नाही. लांबूनच आरती बघायची, उजव्या हातात विभूती घ्यायची. कपाळाला लावून उरलेली खांबावर पुसू नकोस. शेकडो वर्षांच्या कोरीव कामावर तिची पुटं चढतात. साष्टांग घालायचा तर ध्वजस्तंभापाशी. आत फोटो काढायचे नाहीत. प्रदोषाच्या संध्याकाळी नंदीला अभिषेक असतो. सोहळा बघायचा असेल तर तीच तिथी गाठ. शांतपणे देऊळ बघायचं असेल तर तीच तिथी टाळ.

दर्शन झालं की बहुतेक लोक परत फिरतात. तू विमानाच्या जोत्याकडे वळ. त्यावर तमिळमध्ये ओळीमागून ओळी कोरलेल्या आहेत. आपण दिलेलं, थोरल्या बहिणीने दिलेलं, राण्यांनी आणि इतरांनी दिलेलं सगळं दगडावर लिहा, असा राजराजाचा हुकूम. दागिने, दिवे, मूर्ती तर आहेतच, शिवाय देवळात आणलेल्या चारशे नर्तकींची नावं आहेत आणि कुणाला कुठल्या रांगेतलं कितवं घर दिलं तेही. तमिळ येत नसलं तरी अक्षरांच्या कडेने सावकाश चाल. तो देवळाचा हिशेब आहे, चोख आणि जाहीर.

मग प्राकाराच्या ओवऱ्यांकडे जा आणि नैऋत्य कोपऱ्याच्या बाजूला भिंत न्याहाळ. तिथे अचानक वाचता येईल अशी लिपी भेटेल. तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे यांनी १८०३ साली कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास, देवनागरीत. शब्द जुने आहेत, ओळी गच्च आहेत. समोरून बघितलं तर काहीच लागत नाही. तिरप्या उजेडात, बाजूने बघ. दहा ओळी लागल्या तरी पुष्कळ झालं.

दुपार राजवाड्यात घालव. आतल्या दालनांची तिकिटं वेगवेगळी आहेत. सगळी घ्यायची नसतील तर सरस्वती महाल ग्रंथालयाचं संग्रहालय आणि कलादालन एवढी दोन घे. कलादालनात तिरुवेंकाडू गावचा १०११ सालचा कांस्य शिव आहे, डोक्याला सापांचं पागोटं बांधलेला. त्याचा एक हात हवेत टेकलाय. नंदी जवळ नाही, पण त्या हाताच्या वाकणावरून नंदीची उंची कळते. मूर्तीच्या मागूनही फिरून बघ, तशी जागा आहे.

साडेचारला पुन्हा देवळात. देऊळ पूर्वाभिमुख, त्यामुळे सकाळी गोपुरं उजळतात आणि संध्याकाळी विमानाची मागची बाजू तांबूस होते. मागच्या अंगणात बैस. गावचे लोक पोरंबाळं घेऊन येतात तेव्हाच.

ऋतूचं म्हणशील तर ऑक्टोबर ते डिसेंबर तिथला पावसाळा, एप्रिल-मे नकोच. जानेवारी-फेब्रुवारी धर.

दुसऱ्या दिवशी कुंभकोणमच्या बसमध्ये बसशील तेव्हा कंडक्टरला आधीच ‘दारासुरम’ सांगून ठेव. ते कुंभकोणमच्या अलीकडे तीन-चार किलोमीटरवर आहे. ऐरावतेश्वराचं देऊळ तंजावरच्या मानाने छोटं, पण तिथे नाक दगडाजवळ नेऊन बघायचं. एका डोक्याला दोन धडं जोडलेलं शिल्प शोध. दगडाला हात न लावता डोळ्यासमोर तळवा धरून एक धड झाक, बैल दिसेल. दुसरं झाक, हत्ती.