फुकटचं की हक्काचं?

प्रश्न : निवडणूक आली की वाड्यावर म्हणतात, शाळेतलं फुकट जेवण म्हणजे मतांसाठी खिरापत. घरचा डबा नाही का चालत?
– एक आई, डिचोली

उत्तर : ताई, मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात ३१ वर्षं शिकवलं. तिसऱ्या तासाला पोट दाबून बसणारी एक मुलगी अजून डोळ्यांसमोर आहे; पाव-भाजी आली की अर्धा पाव ती धाकट्या भावासाठी दप्तरात ठेवायची. खिरापत कसली? २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्न द्यायला सांगितलं, २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं आठवीपर्यंत तो हक्कच झाला. प्राथमिकच्या मुलाला या जेवणातून ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. उमेदवार दारात आला की हेच विचारा: भाजीत वाटाणे किती, आणि रांधणाऱ्या बचत गटाच्या बायकांना पैसे वेळेवर मिळतात का?