ईएमटीवरून पॅरामेडिक व्हायचंय: फी परवडेल, पण कमी झालेल्या शिफ्ट परवडतील का?

अमेरिकेत ओहायोमध्ये राहणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलंय, थोडक्यात सांगते. वय ३१, बी.कॉम. भारतातून केलेलं, ग्रीन कार्डवर आहेत, दोन वर्षांपासून एका खासगी ॲम्ब्युलन्स कंपनीत ईएमटी (ॲम्ब्युलन्सवर प्राथमिक उपचार करणारा) म्हणून काम करतात. तासाला २० डॉलर, आठवड्याला १२-१२ तासांच्या चार शिफ्ट. बायकोचं पार्ट टाइम काम, एक लहान मुलगी. घरी आईवडिलांना दर महिन्याला ३०० डॉलर पाठवून, बाकी सगळा खर्च जाऊन महिन्याला ७०० उरतात, बँकेत ९,००० आहेत आणि रॉथ आयआरए या निवृत्तीच्या खात्यात भरलेले ६,०००. आता पॅरामेडिक, म्हणजे ॲम्ब्युलन्सवरची सगळ्यात वरची पायरी, व्हायचंय, त्यांच्याच कंपनीत पॅरामेडिकला तासाला २८ मिळतात. समोर दोन रस्ते आहेत: एक खासगी ॲकॅडमी, दहा महिन्यांचा फास्ट कोर्स, १६,००० डॉलर, त्यासाठी १३ टक्क्यांनी प्रायव्हेट लोन. दुसरा कम्युनिटी कॉलेजचा, १५ महिने, सगळं धरून ७,५००, आणि त्यात कंपनी ५,००० द्यायला तयार आहे पण नंतर दोन वर्षं तिथेच राहायचं लिहून द्यावं लागेल. कॉलेजच्या ऑगस्ट आणि जानेवारी अशा दोन बॅच असतात. ते विचारतात, "ताई, ॲकॅडमी करून लवकर मोकळा होऊ का? आणि मधे आधी एईएमटी (ईएमटी आणि पॅरामेडिकमधली पायरी) करावं का?"

आधी मनापासून सांगते, पॅरामेडिक व्हायचा विचार चांगला आहे आणि तो सोडू नका. अमेरिकेच्या सरकारी आकड्यांप्रमाणे मे २०२४ मध्ये ईएमटीचा मधला वार्षिक पगार ४१ हजार डॉलरच्या आसपास होता आणि पॅरामेडिकचा ५८ हजारांच्या, म्हणजे तुमच्या कंपनीतले २० आणि २८ हे काही जगावेगळे आकडे नाहीत. हा फरक खरा आहे आणि तो दरवर्षी मिळत राहतो. प्रश्न एवढाच आहे की तिथपर्यंत पोचायचं कसं.

आता तुमच्या पत्रात सगळा जोर फीवर आहे, सोळा हजार की साडेसात हजार, पण या कोर्सचा मोठा खर्च फी नाहीच. ईएमटीचा कोर्स तुम्ही नोकरी सांभाळून केला असेल कारण तो दीडशे-पावणेदोनशे तासांत संपतो. पॅरामेडिकचे साधारण हजार-बाराशे तास आणि बऱ्याच ठिकाणी त्याहून जास्त, त्यात वर्ग, लॅब, हॉस्पिटलमधले क्लिनिकल तास, आणि शेवटी ॲम्ब्युलन्सवरची इंटर्नशिप जिथे प्रीसेप्टर, म्हणजे शिकवणारा अनुभवी पॅरामेडिक, मागे उभा असतो आणि कॉल तुम्ही चालवायचा असतो. या क्लिनिकल आणि इंटर्नशिपचे बहुतेक ठिकाणी पैसे मिळत नाहीत. म्हणजे तुम्ही काम करताय, गणवेशात आहात, रात्री जागताय, पण त्या तासांचा पगार शून्य, आणि त्याच तासांसाठी तुमच्या पगाराच्या शिफ्ट सोडाव्या लागतात. हा खर्च कुठल्याच फीच्या कागदावर छापलेला नसतो म्हणून तो लोकांच्या लक्षात येत नाही.

मांडूनच बघू. कॉलेज करताना चारच्या तीन शिफ्ट होतील असं तुम्हीच लिहिलंय. गेलेल्या १२ तासांतले ८ ओव्हरटाइमचे (४० तासांवरचे, ३० डॉलरने) आणि ४ साधे, म्हणजे आठवड्याला ३२० गेले, ६५ आठवड्यांत २०,८००. फीच्या जवळपास तिप्पट! ॲकॅडमीत रोज दिवसभर वर्ग म्हणून दोनच शिफ्ट उरतात, मग आठवड्याला ५६० गेले, दहा महिन्यांत २४,००० च्या वर. म्हणजे कोर्स छोटा असूनही बुडालेला पगार जास्तच. हो, पाच महिने आधी पॅरामेडिकचा पगार चालू होईल हे खरं, चार शिफ्टला आठवड्याला ४१६ जास्त, पाच महिन्यांचे साधारण नऊ हजार, ते मी ॲकॅडमीच्या बाजूने धरले. तरी ॲकॅडमी एकूण ३१ हजारांच्या आसपास पडते आणि कॉलेज, कंपनीचे पाच हजार वजा करून, २३,३००. त्याच्यावर लोनचं व्याज वेगळं: १६,००० वर १३ टक्के, पाच वर्षं धरली तर महिना ३६४ डॉलर हप्ता आणि जवळजवळ ५,८०० नुसतं व्याज. हे टॅक्सआधीचे ढोबळ आकडे आहेत पण चित्र बदलत नाही. कॉलेजचा सगळा खर्च पॅरामेडिक झाल्यावर साधारण तेरा महिन्यांत वसूल होतो, ॲकॅडमीला व्याज धरून त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो.

आणि दोन शिफ्टवर आलात की आठवड्याला २४ तास, मग कंपनीचा हेल्थ इन्शुरन्स राहतो का ते एचआरला लेखी विचारा. लहान मुलगी घरात असताना इन्शुरन्स गेला तर वरचे सगळे आकडे फाडून टाकावे लागतील.

ॲकॅडमीबद्दल अजून एक, आणि हे पैशाइतकंच महत्त्वाचं. नॅशनल रजिस्ट्रीच्या (ईएमटी-पॅरामेडिकच्या परीक्षा घेणारी राष्ट्रीय संस्था) पॅरामेडिक परीक्षेला बसायचं तर कोर्सला मान्यता हवी, २०१३ पासून तसा नियमच आहे. सीएएएचईपी या मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता, किंवा निदान तिच्यासाठी पॅरामेडिक कोर्स तपासणाऱ्या सीओएईएमएसपीचं लेटर ऑफ रिव्ह्यू, म्हणजे मान्यतेच्या वाटेवर असल्याचं पत्र. या कोर्सना त्यांचे निकाल उघड करावे लागतात, किती जण पास झाले, किती जणांनी कोर्स पूर्ण केला, किती जणांना काम मिळालं. दोन्हीकडचे हे आकडे काढा आणि शेजारी ठेवून बघा. मधेच सोडून जाणारे जास्त असतील तर मी तिथे एक डॉलरही भरू देणार नाही, कारण अर्धवट कोर्सचं लोन पूर्ण फेडावं लागतं आणि पगार ईएमटीचाच राहतो.

एईएमटीचं म्हणाल तर तुमच्या बाबतीत नको. एईएमटीला आयव्ही लावता येतं, थोडी जास्त औषधं देता येतात, पण हृदयाचा मॉनिटर वाचून निर्णय घेणं, इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं), बहुतेक औषधं हे सगळं पॅरामेडिककडेच आहे आणि पगारही तिथेच उडी मारतो. पॅरामेडिकला ईएमटीवरून थेट जाता येतं. ज्यांना झेपेल का याची खात्री नाही किंवा ज्यांच्या भागात एईएमटीलाच मागणी आहे त्यांनी जरूर करावं, तुम्हाला मात्र तो एक जास्तीचा थांबा होईल.

आता कॉलेज, पण या ऑगस्टला नाही. जानेवारीला.

कारण सांगते. तीन शिफ्टवर आलात की टॅक्स जाऊन महिन्याला हातात येणारे साधारण १,०५० कमी होतात, उरतात ७००, म्हणजे दर महिन्याला ३५० ची खोट. पंधरा महिन्यांत ५,२५०, वर फीचे तुमच्या वाट्याचे २,५००, झाले ७,७५०. बँकेत नऊ हजार, म्हणजे शेवटी हातात सव्वा हजार. एक गाडी बिघडली की क्रेडिट कार्ड. जानेवारीपर्यंत थांबलात तर पाच महिन्यांचे ३,५०० अजून जमतात आणि शेवटी पावणेपाच हजार शिल्लक राहतात. तेवढे लागतीलच, कारण इंटर्नशिपच्या दोन महिन्यांत अजून एक शिफ्ट सोडावी लागली तर त्यातले दीडेक हजार तिथेच जातील. हे पाच महिने वायाही जात नाहीत, कॉलेजला आधी लागणारी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी त्याच काळात उरकून घ्या, तिची फी साडेसात हजारांत धरलेलीच आहे आणि तिच्यासाठी शिफ्ट सोडायची गरज नाही. शिवाय ती आधी झालेली असली की पुढचं औषधांचं आणि हृदयाचं शिक्षण खूप हलकं जातं.

आईवडिलांचे ३०० बंद करू नका. हिशोब त्यांच्यासकट बसतोय.

पेल ग्रँटचं (सरकारची परत न करायची शिक्षण मदत) विचारलंत, ती बहुधा मिळणार नाही, भारतातली का असेना पण पदवी झालेली असली की सहसा पेल मिळत नाही, ग्रीन कार्ड असलं तरी. पण एफएएफएसए हा सरकारी शिक्षण मदतीचा अर्ज तरीही भरा, कारण खरंच अडलं तर सरकारी स्टुडंट लोन मिळू शकतं आणि ते १३ टक्क्यांच्या प्रायव्हेट लोनपेक्षा केव्हाही बरं. कंपनी देईल ते ५,००० तिच्या लेखी शिक्षण मदत योजनेतून आले तर टॅक्स लागत नाही, वर्षाला ५,२५० पर्यंत तशी सूट आहे. खिशातून भरलेल्या फीवर लाइफटाइम लर्निंग क्रेडिटमध्ये २० टक्के टॅक्स वाचतो, म्हणजे २,५०० वर ५०० पर्यंत. पावत्या जपून ठेवा. नोकरीतल्या निवृत्ती खात्यावर, म्हणजे ४०१(के) वर, लोन काढायचं मनातही आणू नका. रॉथ आयआरएमध्ये स्वतः भरलेली रक्कम टॅक्स-दंडाशिवाय काढता येते म्हणून ती अगदी शेवटची राखीव, ठरवून वापरायची नाही.

कंपनीच्या बाँडवर सही करायच्या आधी तीन गोष्टी लिहून घ्या: मधेच सोडलं तर राहिलेल्या महिन्यांपुरतेच पैसे परत, कंपनीनेच काढलं तर काहीच परत नाही, आणि पास झाल्याबरोबर २८ चा रेट, जागा रिकामी होईपर्यंत वाट बघायची नाही. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. पॅरामेडिकचं कार्ड हातात आणि पगार ईएमटीचा असं झालं तर आठवड्याला ४१६ जातात, पाच हजारांची मदत तीन महिन्यांत संपली म्हणायची. आणि बाँडच्या काळात फायर डिपार्टमेंटमध्ये पॅरामेडिकची चांगली जागा निघाली तर परत करायची रक्कम किती होईल ते आधीच माहीत हवं, कारण मी तुमच्या जागी असते तर ती भरून गेले असते.

शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की पुढेमागे नर्सिंग करावं. हे ओझरतं राहू देऊ नका. अमेरिकेत रजिस्टर्ड नर्सचा मधला पगार मे २०२४ मध्ये ९३,६०० होता, पॅरामेडिकपेक्षा खूप वर. नर्सिंगच करायचं पक्कं असेल तर हेच दीड वर्ष आणि हेच पैसे सरळ तिकडे लावा. पण तुमच्या पत्रात तुम्ही दोन पानं ॲम्ब्युलन्सवरच्या कॉलबद्दल लिहिलंत आणि नर्सिंगबद्दल एक ओळ, म्हणून मी पॅरामेडिक धरून हिशोब केलाय. तुम्ही आणि बायको दोघांनी बसून बोला, आणि उत्तर तेच आलं तर ॲनाटॉमीच्या वर्गाला आत्ताच नाव घाला. त्याच आठवड्यात कंपनीतून मिळणारा लाँग टर्म डिसॅबिलिटी इन्शुरन्सही (दुखापतीने दीर्घकाळ काम बंद पडलं तर पगाराचा काही भाग देणारा विमा) घेऊन टाका, पेशंट उचलून पाठ धरणं या कामात नेहमीचं आहे आणि घर तुमच्या पाठीवर चालतंय.