पिपेट कोणाच्या हातात?

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

मिश्र अध्यापनाचा (थोडे घरी चित्रफितींवर, थोडे वर्गात) आराखडा करताना प्रात्यक्षिकांच्या जागी चित्रफिती टाकाव्यात, असा विभागात सूर निघाला आणि तू गोंधळलीस, हे पत्रावरून कळले. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला वरिष्ठांपुढे बोलणे जड जाते, हे मी जाणतो. तरीही पिपेट, म्हणजे अगदी थोडा द्रव मोजून घ्यायचे साधन, विद्यार्थ्याच्याच हातात असली पाहिजे, यावर तडजोड करू नकोस.

चित्रफितींना माझा विरोध नाही. पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीत, ९५ अंशांना डीएनएचे धागे सुटतात, ५५ अंशांच्या आसपास प्रायमर (नव्या धाग्याची सुरुवात करणारे छोटे तुकडे) चिकटतात आणि ७२ अंशांना नवा धागा वाढतो, हे फळ्यावर उतरवून देण्यापेक्षा मुलांनी घरी पाहावे. मात्र त्यातून वाचलेला प्रत्येक तास प्रयोगशाळेला मिळाला पाहिजे. तो वेळापत्रकातूनच नाहीसा होणार असेल, तर त्याला सरळ काटकसर म्हणावे.

रसायने महाग, यंत्र एकच, ही सबब मी नोकरीभर ऐकली. अगं, पिपेट शिकायला डीएनए कशाला हवा? रंगीत पाणी पुरते. १०० मायक्रोलिटर पाणी तराजूवर सुमारे १०० मिलिग्रॅम भरते; प्रत्येकाने पुनःपुन्हा मोजून आपली चूक आपणच शोधावी. पुढे सांगोला-पंढरपूरकडच्या मुलांना डाळिंबाची तेल्या रोग पडलेली पाने पिशवीत बंद करून आणायला सांग. तेलकट डागातून या रोगाचा जिवाणू झँथोमोनास वेगळा करताना पिवळ्या, बुळबुळीत वसाहती दिसतील, पण पिवळे ते सगळे झँथोमोनास नसते, कारण पानावर इतरही पिवळे जिवाणू असतात. तेव्हा शुद्धीकरण, ग्रॅम-रंजन (जिवाणू रंगवून गट ओळखण्याची चाचणी) आणि शेवटी पीसीआर करूनच ओळख पटवावी लागते. हा घोळ चित्रफितीत कधीच दिसत नाही, आणि शिक्षण त्या घोळातच होते. (वापरलेल्या पेट्री डिश १२१ अंशांना ऑटोक्लेव्हमध्ये वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केल्याशिवाय बाहेर जाता कामा नयेत.) राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूरच्या केगावला, आपल्या दाराशी आहे, तिथल्या भेटीसाठी आजच पत्र लिही.

न केलेल्या प्रयोगांच्या जर्नलवर मी सही करीत नसे. त्यापायी मला हेकट ठरवले गेले, बढतीही लांबली, आणि आजही मी तेच करीन. खंत वाटते ती पदव्युत्तर पदवी घेऊन मुलाखतीला गेलेल्या, पण पिपेटचा पहिला दाब कुठे आणि दुसरा कुठे वापरायचा, हे विचारल्यावर गप्प बसलेल्या मुलांची. त्यांना पिपेट कोणी दिलीच नव्हती.

म्हणून परीक्षेत जर्नलचे गुण कमी कर आणि प्रत्येकाने परीक्षकासमोर डीएनए तपासायच्या जेलच्या खाचेत नमुना भरून दाखवावा, अशी अट घाल. नकार आला तर तो लेखी माग. आराखडा अभ्यास मंडळाकडे जाण्याआधी मला पाठव; प्रात्यक्षिकाचा एक जरी तास कमी दिसला, तरी मी तो परत करीन.